बाबांच्या खुणांसाठी चार्ट प्लॉटर

आमच्या वाडीत एक माड होता, बाकीच्या माडांपेक्षा चांगला पुरुषभर उंच. बाबांच्या लेखी तो माड नव्हता, खूण होती. मालवणजवळच्या सर्जेकोटातून होडी बाहेर काढून पश्चिमेला गेलं आणि मागे वळून बघितलं की तो माड आणि त्याच्या पाठच्या डोंगराची खाच दिसायची. होडी जरा उत्तरेला सरकली की माड खाचेच्या एका अंगाला, दक्षिणेला सरकली की दुसऱ्या अंगाला. माड बरोबर खाचेत बसला की एक रेघ मिळाली. दुसरी रेघ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या एका बुरुजावरून. कुठला बुरुज आणि त्याच्याशी काय जुळवायचं, ते मी लिहिणार नाही, बाबांना शब्द दिला आहे. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक आहे. आजूबाजूला चौदा वाव पाणी आणि खडपाच्या माथ्यावर नऊ (वाव म्हणजे सहा फूट). आमच्या घरातली मासळी, तांबोशी आणि गोबरा, तिथूनच आली, आणि माझी बारावीपर्यंतची फीसुद्धा.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात तो माड पडला. घराची कौलं उडाली होती, वीज नव्हती, जेटीवर कुणाची होडी कुणाच्या होडीवर चढली होती, त्या गडबडीत बाबा अंगणात उभे राहून रिकाम्या आभाळाकडे बघत होते. मला तेव्हा कळलं नाही. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या आणि दादा पहिल्यांदा त्या खडपावर गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला गेला, तो दुपारपर्यंत शोधतच राहिला. तेव्हा कळलं.

त्यानंतर एकेक खूण जायला लागली. देवळाला नवा रंग दिला, तो आता हिरव्या झाडीत उठून दिसत नाही. एका टेकडीवर बंगला उभा राहिला आणि त्याच्या मागचा कातळ झाकला गेला. आणि खुणा जिथे शाबूत आहेत तिथे बाबांचे डोळे राहिले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी किनाऱ्यावर धुकं असतं तेव्हा तर दादालाही काही दिसत नाही. दादाकडे बाबांचा हातात धरायचा जुना जीपीएस होता, राखाडी पडद्याचा. त्याची बटणं खाऱ्या पाण्यानं गेली. म्हणून गेल्या पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत, आम्ही ठरवलं की होडीला नीट चार्ट प्लॉटर, म्हणजे दर्याच्या नकाशावर होडीची जागा दाखवणारं यंत्र बसवायचं. बजेट ४०,००० रुपये, ताणून ५०,०००. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी माहितीपत्रक वाचणारी मीच. मी मालवणात एका पतपेढीत कारकून आहे, दर्यावर जात नाही. पण दोन महिने मी यातच होते आणि जे शिकले ते लिहून ठेवते आहे, कारण आमच्यासारख्या लहान होडीवाल्यांसाठी मराठीत मला काही सापडलं नाही.

होडी आमची २६ फुटांची, फायबरची, मागे रॉकेलवरचं मशीन, हातानं दोरी ओढून सुरू होणारं. केबिन नाही. माणसं तीन. हे आधी सांगते, कारण दुकानात ज्या यंत्रांची स्तुती ऐकली ती सगळी केबिनवाल्या ट्रॉलरसाठी होती.

पहिला धडा दुकानातच मिळाला. ट्यूबलाइटखाली सगळे पडदे सुंदर दिसतात. मी दुकानदाराला म्हटलं, वायर लांब करा आणि बाहेर रस्त्यावर उन्हात धरून दाखवा. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण दाखवलं. तीनपैकी एक पडदा उन्हात जवळजवळ पुसलाच गेला. दुसरा बरा होता, पण दादानं नेहमीचा गॉगल लावून मान जरा तिरकी केली आणि म्हणाला, "काळो झालो." गॉगल पोलराइज्ड असला की काही पडदे ठरावीक कोनातून काळे दिसतात. दर्यावर दिवसभर गॉगल लावणाऱ्या माणसासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. तेव्हा पडदा बघायला जाताना आपला गॉगल घेऊन जा, आणि दुपारी बारा वाजता जा.

दुसरं, बटणं. हल्ली सगळं बोटानं चालवायचं आलं आहे. ओल्या, खारटलेल्या, बांगड्याचे खवले लागलेल्या बोटाला टचस्क्रीन एकतर जुमानत नाही, नाहीतर नको तिथे दाबलं जातं. लाटेवर होडी उडत असताना बोट एका जागी ठरत नाही. बटणावर अंगठा टेकवता येतो. दादाचं आणि माझं यावर एकमत झालं. पाणी आत न शिरण्याचा दर्जा आयपीएक्स ७ असेल तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं असं मानतात. त्याच्या खालचं घ्यायचं नाही, कारण आमच्याकडे यंत्राला छप्पर नाही.

पडदा किती मोठा? दादा पाच इंचीवर खूश होता. मी बाबांच्या हातात माहितीपत्रकातलं खऱ्या मापाचं चित्र दिलं आणि विचारलं, "आकडो दिसता?" बाबा म्हणाले, "आकडो दिसता गो, पण कसलो आकडो ता समाजणा नाय." मग सात इंच ठरला. यंत्र घ्यायचं ते सगळ्यात कमी दिसणाऱ्या डोळ्यांच्या मापानं, असं माझं ठाम मत झालं आहे. बाबा आता लांब जात नाहीत, पण ज्या दिवशी जातील त्या दिवशी त्यांना कुणाला विचारावं लागू नये.

सात इंच म्हणजे वीज जास्त. आमच्या मशीनला बॅटरी नाही, चार्जिंग नाही. प्लॉटर आणि खोली मोजणारा सोनार मिळून साधारण एक अँपिअर धरला, आणि होडी आठ तास बाहेर, तर आठ अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवली की लवकर मरते, म्हणजे सोळा तरी हवी. दुकानदार ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) यूपीएसची बॅटरी देत होता, "पुष्कळ झाली" म्हणून. ती दुपारीच बसली असती, आणि संध्याकाळी परत येतानाच तर प्लॉटर लागतो. आम्ही १२ व्होल्टची २६ एएच घेतली, आठ-नऊ किलोची, मासे ठेवायच्या प्लास्टिकच्या ड्रमासारख्या झाकणाच्या डब्यात बसवली. रात्री घरी चार्ज होते. वायरमध्ये फ्यूज टाकला. हा खर्च यंत्राच्या किमतीत कुणी सांगत नाही, तो आधीच धरा.

आता नकाशा. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज यातच आहे.

शेजारच्या वाडीतल्या एकाला कुवेतहून मेव्हण्यानं प्लॉटर पाठवला होता. दिसायला झकास. चालू केला तर आखाताचा नकाशा खडान् खडा, आणि आपला किनारा म्हणजे एक जाडी-भरडी रेघ. मालवणच्या बंदरात उभी असलेली होडी पडद्यावर जमिनीवर दिसत होती. यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्यात आपल्या भागाचा नकाशा नव्हता. नकाशा कार्डावर वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो कुठल्या प्रदेशाचा आहे ते कार्डाच्या नावावरून बघावं लागतं. आखातातून आणणाऱ्यांना आणखी एक सांगते : ज्या यंत्रातून उपग्रहावरून संदेश पाठवता येतो, ते आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. नुसता प्लॉटर वेगळा, ते वेगळं. मागवण्यापूर्वी खात्री करा.

बरं, भारताचं कार्ड घातलं, तरी काय दिसतं? समुद्राचे अधिकृत नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. ते मुख्यतः जहाजांसाठी असतात. बंदराचा मार्ग, दीपस्तंभ, वेंगुर्ल्याच्या खडकांसारखी मोठी संकटं त्यात आहेत. आमच्या वाडीसमोर तीन वावांत उठलेलं, आमच्या होडीचा तळ खरवडू शकणारं खडप त्यात असेलच असं नाही. मी दुकानात पडद्यावर तो भाग मोठा मोठा करत गेले. रेघा जाड झाल्या, अक्षरं मोठी झाली, पण खोलीचा एकही नवा आकडा आला नाही. जिथे कुणी मोजलंच नाही तिथे कितीही जवळ गेलं तरी कोरंच राहणार. आणि उलटही होतं : नकाशा लहान करून पाहिला की गर्दी नको म्हणून यंत्र काही खडक लपवतं. वाट आखताना मोठं करून, पूर्ण वाटेवरून बोट फिरवून बघायला हवं.

मग दादानं विचारलेला प्रश्न बरोबरच होता. बाजारात नकाशा नसलेली, नुसती खोली आणि आपल्या खुणा दाखवणारी यंत्रं आहेत, गार्मिनच्या स्ट्रायकरसारखी. ती बरीच स्वस्त पडतात. आपल्या दारात नकाशा कोराच असेल तर त्याचे पैसे कशाला द्यायचे? मी दोन दिवस त्याच्या बाजूनं झाले होते. उत्तर बाबांनी दिलं, तेही वेगळंच काही सांगताना. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा बाबा दुसऱ्याच्या होडीवर होते. घरी परतायची सोय नव्हती. अंधारात, पावसात देवगडच्या बंदरात शिरले, कारण होडीवर एक देवगडचा खलाशी होता आणि त्याला तिथली वाट पाठ होती. "तो नसतो तर भायरच रवलो असतंव," बाबा म्हणाले. आपल्या घरासमोर आपल्याला नकाशा लागत नाही. परक्या बंदरात रात्री शिरायची वेळ येते तेव्हा लागतो. देवगड आणि विजयदुर्ग ही आमच्या उत्तरेची आडोशाची बंदरं, त्यांचा नकाशा यंत्रात असलाच पाहिजे. त्या दिवशी नकाशावाला प्लॉटर नक्की झाला.

आणि कोऱ्या भागाचं काय? तर तो आपणच भरायचा. काही प्लॉटरांत अशी सोय असते की होडी जिथून जाईल तिथली खोली सोनार मोजत जातो आणि यंत्र त्यावरून स्वतः समान खोलीच्या रेघा काढत जातं. गार्मिन तिला क्विकड्रॉ म्हणतं, लॉरन्स जेनेसिस लाइव्ह. माझ्या मते लहान होडीवाल्यासाठी ही सगळ्यात मोलाची सोय आहे. रडारची जोडणी, ऑटोपायलट, मोबाइलवर गाणी, हे काहीही नसलं तरी चालेल. एक मात्र ध्यानात ठेवा. छापील नकाशातली खोली ही ओहोटीच्या अगदी तळाच्या पाण्याला धरून दिलेली असते. आपला सोनार त्या घडीचं पाणी मोजतो. आमच्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत दोन मीटरांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे एक वावाहून जास्त. पौर्णिमेच्या भरतीला काढलेली रेघ बघून अमावस्येच्या ओहोटीला खडपावरून होडी घातली तर घात होईल. म्हणून दादा किनाऱ्याजवळच्या रेघा ओहोटीलाच काढतो.

वाव म्हटलं, त्यावरून आठवलं. यंत्रात खोली मीटर, फूट किंवा फॅदम अशी निवडता येते. फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे आपला वाव. आम्ही फॅदम लावलं. पहिल्या दिवशी जेटीला होडी बांधलेली असताना बाबांनी पडद्यावर दोन बघितलं, काठी घालून पाणी मोजलं आणि काही न बोलता मान हलवली. त्यांच्या तरुणपणी दोरीला शिसं बांधून, शिशाच्या बुडाला साबण चोळून खोली घेत. साबणाला वाळू चिकटून आली की चिखल हे बघूनच जाळं टाकायचं. सोनारही ते सांगतो, फक्त वेगळ्या भाषेत : कठीण तळ जाड आणि ठळक दिसतो, चिखल फिका. सोनारच्या आवाजात २०० किलोहर्ट्झला कमी पाण्यात बारकावा चांगला येतो, ५० किलोहर्ट्झ खोल जातो. आमचं सगळं काम तीस वावांच्या आत, त्यामुळे खोल जाणाऱ्या महागड्या सोनारापायी जादा पैसे घातले नाहीत.

सोनारचा डोळा, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तो परत आला की टिपणारा भाग, कुठे बसवायचा यावर मात्र घरात भांडण होता होता राहिलं. विकणारे म्हणतात, मागच्या फळीला बाहेरून. आमची होडी पावसाळ्याआधी वाळूवरून ओढून वर घेतात, दहा माणसं लागून. बाहेरचा डोळा पहिल्याच ओढणीला तुटणार, आणि त्याच्या आधी कधीतरी जाळं त्यात अडकणार. फायबर सलग असेल, मध्ये लाकूड किंवा फोम नसेल, तर डोळा आतून, होडीच्या तळाला इपॉक्सीनं चिकटवता येतो. आवाज फायबरमधून आरपार जातो. थोडी ताकद कमी होते आणि पाण्याचं तापमान कळत नाही, ते सोडून द्यायचं. चिकटवण्याआधी आम्ही होडीच्या तळात चार बोटं पाणी घातलं, डोळा त्यात बुडवून वेगवेगळ्या जागी धरला आणि पडद्यावर तळ कुठे स्वच्छ येतो ते बघितलं. मागून हातभर पुढे, मधल्या कण्याच्या उजव्या बाजूला चांगला आला. मग तिथेच चिकटवला. इपॉक्सीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं फुकट, म्हणून दादानं तो हळूहळू फिरवत दाबला आणि मी वरून टॉर्च धरून उभी होते.

जीपीएस कसा चालतो हे बाबांना समजावताना मला स्वतःला जास्त कळलं. मी म्हटलं, आकाशात उपग्रह आहेत, प्रत्येक जण सांगतो की मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. सांगावा पोचायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. बाबा म्हणाले, "म्हणजे आकाशातल्यो खुणा." अगदी तेच. जमिनीवरची खूण रेघ देते, ही अंतर देते. तीन अंतरांत जागा मिळते. चौथा उपग्रह लागतो तो आपल्या यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक काढायला, कारण घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. आणि याला मोबाइलची रेंज लागत नाही. पुष्कळ जण अजून समजतात की रेंज गेली की जीपीएस गेला. तसं नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर मोबाइलसुद्धा दर्यात जागा दाखवतो. फक्त तो उन्हात तापून पडदा मंद करतो, म्हणून तो जोडीला ठेवायचा, मुख्य नाही.

एक उणीव बाबांनीच पकडली. होडी थांबून पाण्याबरोबर वाहत होती आणि पडद्यावरचा बाण भलतीकडे तोंड करून होता. "नाळ खय, आणि ह्यो बाण खय!" नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. साध्या प्लॉटरला होडी कुठे सरकते आहे ते कळतं, नाळेचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. म्हणून होकायंत्र काढून टाकायचं नाही, आणि ते प्लॉटरपासून हातभर लांब ठेवायचं.

सगळं बसवून झालं आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं : बाबांची वही यंत्रात घालायची.

वही शंभर पानी, कव्हर गेलेली. जुन्या जीपीएसवरून उतरवलेले आकडे, काही सोबत्यांकडून मिळालेले. प्रत्येक आकडा टिंबं देऊन लिहिलेला. समजा १६.०५.३५०, हा आकडा मी बनवलेला आहे. याचे दोन अर्थ होतात. एक, १६ अंश आणि ५.३५० मिनिटं. दुसरा, १६ अंश ५ मिनिटं ३५.० सेकंद. ५.३५० मिनिटं म्हणजे ५ मिनिटं २१ सेकंद. दोन्हींत १४ सेकंदांचा फरक, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळजवळ ३१ मीटर. चुकीचा अर्थ घेतला की होडी खडपापासून ४३० मीटरांवर. तिथे नुसती वाळू. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळी मिळण्याच्या जागांचा जो सल्ला येतो त्यात अंश-मिनिटं-सेकंद असतात, आणि प्लॉटर दुकानातून आला तो अंश आणि दशांश मिनिटांवर लावलेला. ते आकडे तसेच्या तसे टाकून कितीतरी जण "सल्लो खोटो" म्हणत असतील असं मला वाटतं.

मी वही घेऊन बसले आणि एक युक्ती सापडली. शेवटच्या तीन आकड्यांतले पहिले दोन कुठेही ६० किंवा त्याहून मोठे दिसले, ०७.८२० असे, तर ते सेकंद असूच शकत नाहीत, ती दशांश मिनिटं. एका पानावर एक जरी असा सापडला तर ते पान एकाच यंत्रावरून लिहिलेलं धरायचं. असं करत बहुतेक वही सुटली. चार खुणा काही केल्या पटेनात. त्या बाबांनी तरुणपणी, १९९८ च्या सुमारास, एका ट्रॉलरवर खलाशी असताना लिहिल्या होत्या. त्या काळी अमेरिका जीपीएसच्या सर्वसाधारण संकेतात मुद्दाम चूक मिसळायची, शंभर मीटरांपर्यंत. मे २००० मध्ये ते बंद झालं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. पंचवीस वर्षं त्यांना वाटत होतं की ते आकडे आपण घाईत चुकीचे उतरवले. "म्हणजे मी बरोबर लिवलेलंय," ते म्हणाले. त्या चार जागा दादानं नंतर सोनार लावून, आजूबाजूला फेऱ्या मारून शोधल्या. तीन मिळाल्या.

ज्याच्या खुणेचा माड पडला ते खडप वहीत नव्हतंच. ते बाबांनी कधी लिहिलं नव्हतं, लिहायची गरजच नव्हती. त्यासाठी बाबा स्वतः गेले. पहाटे मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर निघाले, हवा स्वच्छ होती. बुरुजाची रेघ त्यांना दादानं बघून सांगितली. माडाच्या जागी मी होते. खरंच. वाडीतल्या त्या खुंटाशेजारी मी एक लांब बांबू उभा केला, त्याच्या टोकाला लाल साडी बांधली आणि दोन तास धरून उभी राहिले. फोनवर दादा विचारत होता, "जरा हलव गो, बाबांक दिसूक व्हया." शेवटी बाबांनी चांगल्या डोळ्यानं ती साडी खाचेत बसवली. चौदा वाव, तेरा, मग एकदम नऊ. दादानं बटण दाबलं.

खुणा यंत्रात गेल्या म्हणजे त्या आता चोरीलाही जाऊ शकतात. वही बाबांच्या बनियनच्या खिशात असायची. यंत्र होडीवर असतं, आणि पडद्याचा फोटो काढायला कुणाला दोन सेकंद लागतात. आमच्याकडे खूण म्हणजे जमिनीचा तुकडा असतो तसाच वारसा आहे. म्हणून यंत्र दर संध्याकाळी काढून घरी आणतो, आणि आपण काढलेल्या रेघा इंटरनेटवरून इतरांना देण्याची जी सोय असते ती मी बंद करून टाकली आहे. उलट बाजूही आहे : यंत्र बुडालं, जळलं, तर सगळंच जाणार. दर महिन्याच्या अखेरीला मी खुणा मेमरी कार्डावर उतरवते आणि नव्या वहीत हातानं लिहिते, या वेळी अंश, मिनिट असं अक्षरांत.

आणखी एक उपयोग आम्ही आधी धरला नव्हता. नोव्हेंबरमध्ये रात्री एका मोठ्या बोटीनं आमचं इसवणाचं (सुरमईचं) जाळं कापत नेलं. दादानं त्या घडीला जागा आणि वेळ यंत्रात नोंदवली. आधी अशा वेळी "साधारण अमक्या समोर" एवढंच सांगता यायचं. भरपाई अजून मिळालेली नाही, पण अर्जात या वेळी आकडा आहे.

परतीच्या वाटेबद्दल एक. प्लॉटर आपण गेलेली वाट रेघेनं दाखवतो आणि अंधारात त्याच रेघेवरून परत येता येतं. पण खाडीच्या तोंडातली वाळू प्रत्येक पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या हंगामाची रेघ यंदा थेट वाळूवर नेऊन घालेल. आम्ही ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी, उजेडी, अर्ध्या भरतीला नवी वाट आखली आणि जुनी पुसून टाकली.

मॉडेलचं नाव मी मुद्दाम लिहिलं नाही, ती दर दोन वर्षांनी बदलतात. एकूण खर्च बॅटरी, कार्ड, इपॉक्सी धरून ५३,००० च्या घरात गेला.

आता नावांचं काम चाललं आहे. यंत्रात देवनागरी नाही, रोमन अक्षरांत लिहावं लागतं, तेही थोडक्या अक्षरांत. दादाला १, २, ३ असे नुसते क्रमांक हवे होते. बाबांनी ऐकलं नाही. प्रत्येक खडपाला त्यांच्याकडे नाव आहे : कुणाच्या होडीला तिथे पहिल्यांदा गोबरा लागला त्याचं, कुणाचा नांगर तिथे तुटला त्याचं. रोज संध्याकाळी जेवण झालं की बाबा ओटीवर बसून सांगतात आणि मी बटणं दाबत अक्षर अक्षर घालते. काल सतराव्या खुणेवर आलो. तिथे बाबांचा आणि दादाचा वाद झाला, कारण त्या खडपाला आमच्या आजोबांनी एक नाव दिलेलं आणि आता जेटीवर सगळे दुसरंच म्हणतात. बाबा म्हणाले, "आज रवांदे, फाल्या त्या बेंद्रावरच्या म्हाताऱ्याक इचारून येतंय." तर सतरावी जागा अजून बिननावाची आहे.